साडूंची उजवी किडनी

आमच्या साडूंची उजवी किडनी जितक्या माणसांनी पाहिली आहे, तितक्यांनी चारमिनारसुद्धा पाहिला नसेल. हे मी गमतीने म्हणत नाही. हैदराबादेत, आणि तिथून इकडे नांदेड-उदगीर, तिकडे करीमनगरपर्यंत, ज्या ज्या डॉक्टरने त्या काळात सोनोग्राफीचं मशीन घेतलं, किंवा घेऊ की नको करत शेवटी घेतलं नाही, त्या प्रत्येकाने साडूंना उताणं झोपवून त्यांच्या उजव्या बरगडीखालून आत डोकावलेलं आहे. साडू ही मशिनं विकायचे, आणि मशीन कसं चालतं हे दाखवायला एक पोट लागतं. बाकीच्या कंपन्यांची माणसं दवाखान्यातल्याच एखाद्या शिपायाला चहा पाजून टेबलावर झोपवत. साडूंना ते मंजूर नव्हतं. "दुसऱ्याच्या पोटाची हमी मी कशी देऊ? माझं पोट मला पाठ आहे," असं म्हणून ते सरळ सदऱ्याची बटणं सोडायला लागत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घाम फुटला. चांगला शिकलेला इंजिनियर, पंचेचाळिशीचा गृहस्थ, दोन मुलींचा बाप, आणि परक्या लोकांसमोर उघडा. मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. दोघांची सासुरवाडी एकच, काचीगुड्याची. सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो, आणि मामांचं बेगम बाजारात खोबऱ्याचं ठोक दुकान आहे. मी विमा कंपनीत कारकून. जन्म इथलाच, त्यामुळे माझ्या मराठीत हौ आणि नक्को इतकं मिसळलेलं आहे की पुण्याचे पाहुणे माझं बोलणं दोनदा विचारून घेतात. साडू स्वतः पुण्याचे. पंधरा-सोळा वर्षं तारनाक्याला काढूनही त्यांच्या जिभेवरचं पुणं हललं नाही. ते भाजीवाल्याशी उर्दूत बोलायला लागले की भाजीवाला तेलुगूत उत्तर देतो, आणि तरीही भाव साडूच ठरवून येतात.

त्यांचा सगळ्यांत मोठा गुण म्हणा, रोग म्हणा, तो म्हणजे खात्री. "बहुतेक", "कदाचित", "असं वाटतं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. प्रश्न तेच विचारत आणि समोरच्याने तोंड उघडण्याच्या आत उत्तरही तेच देत. "आमटी कशी झालीय? छान झालीय. मीठ जरा कमी आहे, पण ते तुमच्या लक्षात येणार नाही." एकदा आम्ही सगळे परभणीला लग्नाला निघालो होतो. साडूंनी काचीगुडा स्टेशनात शिरताशिरता जाहीर केलं की गाडी एक नंबरवर लागते. मी म्हटलं, कुणाला तरी विचारू. ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" मामी, अक्का, पाच डाग आणि एक मोदकपात्र घेऊन आम्ही एक नंबरवर उभे राहिलो आणि आमची गाडी समोरच्या फलाटावरून निघून जाताना पाहिली. मी कपाळाला हात लावला. साडू शांतपणे म्हणाले, "चुकीच्या फलाटावरून गेली ती." त्यांचा आवाज इतका ठाम होता की मामींनी रेल्वेलाच दोन शब्द सुनावले.

अशा माणसाने एके दिवशी सरकारी कारखान्यातली नोकरी सोडली. पक्की, पेन्शनची, क्वार्टरसकटची नोकरी. परदेशी मालाला देशाचे दरवाजे नुकते उघडले होते. हैदराबादेत रोज काही ना काही नवं दिसायचं, नवी शीतपेयं, नव्या गाड्या, टीव्हीवर पन्नास वाहिन्या. पण ते सगळं दुसऱ्यांच्या घरात दिसायचं. ते आपल्या घरात शिरेल आणि आपल्या जावयाची नोकरी खाऊन जाईल, असं मामांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. साडू रविवारी जेवायला आले आणि भात कालवताकालवता म्हणाले, "परवा राजीनामा दिला. आता परदेशी सोनोग्राफी मशिनं विकणार." मामींच्या हातातून तुपाची वाटी पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नव्या कंपनीचं ऑफिस म्हणजे एका मिठाईच्या दुकानावरची खोली, आणि तीत मालक, साडू आणि एक टेलिफोन. मामा पाणी पिऊन म्हणाले, "हौ, ठीक आहे. बुडालं तर दुकानात या. खोबरं तोलायला माणूस लागतोच." हे वाक्य त्या घरात पुढे पाच वर्षं लोंबकळत राहिलं. अक्काने रागाने आठ दिवस अबोला धरला. साडूंना तो कळलाच नाही, कारण दोघांच्या वाटचं तेच बोलत होते.

धंद्यात मात्र ते मनापासून उतरले. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि पडद्यावर नीट दिसत नाही, म्हणून मशीन दाखवायचं असेल त्या दिवशी साडू कडकडीत उपाशी. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला सगळ्यांच्या पानात जिलबी पडत होती आणि हे रिकाम्या पानासमोर हात जोडून बसलेले. वाढणाऱ्या बाईने विचारलं, "काय व्रत वगैरे?" साडू म्हणाले, "चार वाजता पित्ताशय दाखवायचंय." ती बाई जिलबीचं ताट तिथंच ठेवून आत गेली ती पुन्हा आली नाही. त्यांच्या पिशवीत स्वतःचा टॉवेल, स्वतःचा साबण आणि पोटाला लावायच्या जेलीची बाटली कायम. एकदा सिद्दीपेटला जेली संपली तर त्यांनी त्या डॉक्टरच्या बायकोकडून आवळ्याचं तेल मागून आणलं. टेबलावर झोपले की डोळे मिटायचे आणि खड्या आवाजात सुरू व्हायचे: "हे लिव्हर. त्याला टेकून ही उजवी किडनी. काठ बघा, कसा गुळगुळीत. आतला पोत बघा, सगळीकडे सारखा. पुस्तकात असते तशी नॉर्मल किडनी." पडद्याकडे ते बघतही नसत. डॉक्टर माना डोलवत आणि साडू टॉवेलने पोट पुसत उठत.

मग त्या नव्या मशीनची बातमी आली. त्यात एक नवी करामत होती आणि तिने साडूंना अक्षरशः झपाटलं. मला ती इतक्या वेळा ऐकावी लागली की मी आजही झोपेत सांगू शकतो. जुनं मशीन पोटात आवाजाची एक लहर सोडतं, ती कानाला ऐकू येत नाही, आणि परत येणारा पडसाद ऐकून चित्र काढतं. पण चरबीतून जाताना त्या पडसादात इतका गोंगाट मिसळतो की चित्रावर धुकं येतं. नवं मशीन काय करतं, तर आधी एक सुलट लहर सोडतं आणि लगेच मागून तशीच, पण बरोब्बर उलटी. पहिलीचा चढ तिथं दुसरीचा उतार. मग दोन्ही पडसादांची बेरीज करतं. जे पाठवलं तसंच्या तसं परत आलं, ते एकमेकांना खाऊन शून्य होतं. पण शरीर त्या लहरीला थोडं वाकवतं, त्यात स्वतःचं काहीतरी घालतं. तेवढंच बेरजेत उरतं, आणि चित्र त्याच्यावरून निघतं. "म्हणजे उलट-सुलट टाके," अक्का म्हणाली, "स्वेटरची वीण." साडूंनी तिच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

इथवर ठीक होतं. पण साडूंनी ती करामत माणसांवर चालवायला घेतली आणि आमची पाचावर धारण बसली. पहिला बळी मामा. रविवारचं जेवण चाललं होतं. साडू म्हणाले, "मामा, तुमच्यासारखा दिलदार माणूस बेगम बाजारात दुसरा नाही." मामा खूश झाले, पण वरवर म्हणाले, "छे, तसं काही नाही, दुकान चाललंय इतकंच." दहा मिनिटं गेली. साडूंनी त्याच आवाजात, तितक्याच प्रेमाने म्हटलं, "मामा, तुमच्यासारखा चिकट माणूस बेगम बाजारात दुसरा नाही." मामांचा भाकरी मोडणारा हात तिथंच थांबला. मला ठसका लागला. मामी स्वयंपाकघरातून पळी घेऊन तशाच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, अंगात ताप आहे का तुमच्या?" मामांनी मात्र बराच विचार केला आणि म्हणाले, "हौ. दुकान चालवायचं तर तसं व्हावं लागतं." साडूंनी टाळी वाजवली. "बघा. कौतुकाला 'तसं नाही', शिवीला 'हौ'. दोन्ही कटले. उरलं काय? दुकान. मामांच्या आत फक्त दुकान आहे." अक्का ताट उचलून मोरीत गेली. मला वाटलं, आता जावई आणि सासरा यांचं कायमचं तुटलं. पण मामा दिवसभर स्वतःशीच हसत होते, आणि संध्याकाळी त्यांनी साडूंसाठी पाच किलो खोबरं पाठवून दिलं, ज्याचा अर्थ आजवर कुणाला नीट लागलेला नाही.

या सगळ्यामागे एक काळजी होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. मिठाईवाल्याच्या माडीवरची कंपनी डबघाईला आली होती. मालकाने स्वच्छ सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत नव्या मशीनची एक तरी मोठी ऑर्डर आली नाही तर ऑफिस बंद. ऑर्डर देऊ शकेल असं त्या वेळी शहरात एकच मोठं खासगी हॉस्पिटल होतं, आणि तिथले सोनोग्राफीचे मुख्य डॉक्टर म्हणजे जुन्या हैदराबादचे, पान खाणारे, कशालाच न भुलणारे गृहस्थ. साडूंनी त्यांच्याकडे सहा महिने खेटे घातले होते. शेवटी ते म्हणाले, "देखो साहब, तुमारी बातां बहुत हो गए. हमकू वो चीज दिखाओ जो पुरानी मशीन में नईं दिखती. दिखी तो दूसरे दिन आर्डर. नईं दिखी तो मेरकू परेशान नक्को करो." साडू घरी येऊन म्हणाले, "ऑर्डर मिळाली." अक्काने देवापुढे साखर ठेवली, पण त्याच दिवशी मामांना फोन करून दुकानात कुठल्या बाजूला बसायला जागा आहे, हेही विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साडू माझ्याकडे आले आणि माझ्या पोटाकडे अशा मायेने पाहू लागले की मी उशी पुढे ओढली. माझं वजन मी इथं सांगणार नाही. "साडूभाऊ," ते म्हणाले, "माझ्यासारख्या बारीक माणसाचं पोट कुठलंही मशीन दाखवतं. धुकं कसं हटतं, हे दाखवायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे." मी हबकलो. मी म्हटलं, मरेन पण चार लोकांत सदरा काढणार नाही. साडू म्हणाले, "चार नाही, वीस असतील." माझी बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जा की. नाहीतरी रविवारी झोपूनच असता." बहिणीचा संसार पणाला लागला होता, हे तिच्या न बघण्यातच होतं. मग मी काय करणार, गेलो.

तो हॉल, त्या खुर्च्या आणि पंख्याखाली ओळीने बसलेले ते वीस डॉक्टर मी विसरणार नाही. मशीन चालवायला कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून एक तरुण मुलगी आली होती, फार सालस. तिने माझ्या पोटावर गार जेली ओतली आणि मी दचकून अर्धा उठलो. जुन्या पद्धतीने पडद्यावर नुसता राखाडी गोंधळ दिसत होता, आणि साडू अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, "बघा, काहीही दिसत नाही. असं पोट शोधून सापडणार नाही." मग तिने एक कळ दाबली. धुकं खरोखर निवळलं आणि माझं पित्ताशय पेरूसारखं स्वच्छ समोर आलं. मला स्वतःला धक्का बसला, माझ्या आत इतकं नीटनेटकं काही असेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर मंडळी कुजबुजली. पण मुख्य डॉक्टरांनी पान या गालातून त्या गालात नेलं आणि म्हणाले, "साफ दिखा, अच्छा है. मगर पित्ते की थैली तो सबकू रहती. नई चीज कहाँ है?" साडूंचा चेहरा मी पाहिला. त्यांच्या खात्रीला तडा गेलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. क्षणभरच. मग त्यांनी बटणं सोडली आणि म्हणाले, "आता नॉर्मल पोट बघा, म्हणजे फरक कळेल."

ते झोपले, डोळे मिटले, आणि नेहमीची पोथी सुरू झाली. "हे लिव्हर. त्याला टेकून ही उजवी किडनी. काठ बघा, कसा गुळगुळीत." त्या मुलीने कळ दाबली. मी शेजारच्या खुर्चीवर पोट पुसत बसलो होतो, मला पडदा सरळ दिसत होता. ज्या ठिकाणी साडू "आतला पोत सगळीकडे सारखा" म्हणत होते, त्याच ठिकाणी, वरच्या टोकाला, सुपारीएवढं गोल काहीतरी दिसत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण खुर्च्यांतली कुजबुज एकदम थांबली तेवढं कळलं. पोटावर मशीनचा दांडा धरलेला मुलीचा हात हळूच बाजूला सरकला. तिला ते झाकायचं होतं, बिचारीला दुसरं काय सुचणार. साडू बोलता बोलता थांबले. ते डोळे मिटूनच म्हणाले, "ताई, हात का हलवला? मागे घ्या." मग त्यांनी मान वळवली आणि स्वतःच्या किडनीकडे, मला वाटतं कित्येक वर्षांत पहिल्यांदा, नीट पाहिलं.

साडू म्हणाले, "जुन्या पद्धतीवर न्या." तिने नेलं. सुपारी नाहीशी झाली, नेहमीची गुळगुळीत किडनी. "नव्यावर." सुपारी. "जुन्यावर." काही नाही. "नव्यावर." असं त्यांनी चार वेळा करायला लावलं. मग ते कोपरावर उठले आणि मुख्य डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टरसाहब, ये वो चीज है जो पुरानी मशीन में नहीं दिखती." डॉक्टर खुर्चीवरून उठून जवळ आले, पान थुंकायला गेले नाहीत, तसंच गिळलं. त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "कपड़े पहनो मियाँ. कल सुबह भूके पेट मेरे पास आओ." साडूंनी विचारलं, "और आर्डर?" मला इतका संताप आला की मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो, ऑर्डर गेली खड्ड्यात." साडू माझ्याकडे बघून समजावल्यासारखं म्हणाले, "तसं कसं? अट पुरी झालीय."

ऑर्डर दुसऱ्या दिवशी आली. तपासण्या झाल्या, गाठ वाईट होती, पण लहान होती आणि किडनीच्या बाहेर पडलेली नव्हती. किडनी काढायची ठरली. डॉक्टर म्हणाले, ही गाठ दोन-तीन वर्षांची तरी असेल, आणि या वर्षी दिसली नसती तर पुढे दिसून उपयोग नव्हता. घरात रडारड झाली. मामा दुकान बंद करून हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर येऊन बसले, त्यांच्या आयुष्यात बाजाराच्या दिवशी दुकान बंद मी तेव्हाच पाहिलं. अक्का मात्र एक अश्रू न काढता डबे आणत होती. आणि साडू? मला वाटलं, घाबरले असतील. मी धीर द्यायला म्हणून कॉटवर बसलो तर ते म्हणाले, "साडूभाऊ, दोन-तीन वर्षं. म्हणजे मी दोन-तीन वर्षं डॉक्टरांना रोगी किडनी दाखवून ही नॉर्मल आहे म्हणून शिकवत होतो. कुणी माझी किडनी मनात धरून एखाद्या पेशंटला घरी पाठवलं असेल तर?" मी म्हटलं, असं काही नसतं. ते म्हणाले, "तुम्हाला काय ठाऊक?" आणि लगेच गप्प झाले, कारण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीचे चार दिवस आम्ही दोघांनी पोस्टकार्डं लिहिली. त्यांच्या डायरीत सगळ्या डॉक्टरांचे पत्ते होते. साडू सांगत, मी लिहीत असे. मजकूर एकच: आपणास अमुक महिन्यात दाखवलेली माझी उजवी किडनी नॉर्मल नव्हती, तिच्या वरच्या टोकाला गाठ होती, जुन्या मशीनवर ती दिसत नव्हती, कृपया ती नॉर्मल म्हणून लक्षात ठेवू नये, क्षमस्व. शंभरावर कार्डं झाली. माझी बोटं दुखायला लागली. मी चिडून म्हटलं, "अहो, स्वतःच्या रोगाबद्दल कुणी माफी मागतं का?" ते म्हणाले, "रोगाबद्दल नाही. बोलण्याबद्दल." नर्सने शेवटी कार्डं काढून घेतली आणि त्यांना आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभराने साडू तारनाक्याच्या घरी व्हरांड्यात बसायला लागले. कार्डांना फारशी उत्तरं आली नाहीत. दोघातिघांनी तब्येतीला जपा म्हणून कळवलं. आणि मग एक आंतरदेशीय पत्र आलं, उदगीरकडच्या एका गावातल्या डॉक्टरांचं, मराठीत, बारीक अक्षरात. साडूंनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की, त्या दिवशी जुन्या मशीनवरही मला वरच्या टोकाशी पोत किंचित वेगळा वाटला होता. वाटला एवढंच, खात्री नव्हती. मी विचारणार होतो. पण आपण डोळे मिटून इतकं ठामपणे सांगत होतात की मीच चुकतोय असं समजून मान डोलवली. मला क्षमा करा. मी ते पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी एका माणसाला ते दिसलं होतं, आणि त्याला तोंड उघडायला सवडच मिळाली नव्हती. साडू म्हणाले, "मी पाठवत होतो तेच परत येत होतं, साडूभाऊ. मी त्यालाच उत्तर समजत होतो."

अंगात थोडी ताकद आल्यावर ते म्हणाले, उदगीरला जायचं. अक्काने खूप विरोध केला, मग डबा बांधून दिला. मी सोबत गेलो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर बाकावर सात-आठ बायाबापड्या, आत तेच जुनं मशीन. डॉक्टर तिशीचे, बुजरे, आम्हाला पाहून खुर्चीवरून उठले ते पुन्हा बसेचनात. काहीतरी बोलायला लागले आणि अडखळले. साडूंनी त्यांना थांबवलं. हळूहळू, टाक्यांना जपत, सदरा काढला आणि टेबलावर झोपले. "आज तुम्ही सांगा," ते म्हणाले, "मी ऐकतो." डॉक्टरांनी जेली लावली. बराच वेळ ते निरखत राहिले, एकदा माझ्याकडे, एकदा साडूंकडे बघत. साडूंचे डोळे उघडे होते आणि ओठ मिटलेले. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मला वाटलं, आता हे बोलतील, आता बोलतील. नाही बोलले. शेवटी डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "हे लिव्हर. आणि त्याच्या खाली... इथं रिकामं आहे." साडूंनी मान हलवली आणि विचारलं, "आणखी काय दिसतं?" मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि न घाबरता, एकेक करून, सांगायला सुरुवात केली.